पाच दाणे, सहा प्रश्न

साहेब, तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे. एका माणसाचं गप्प राहणं तुम्ही त्याचा होकार म्हणून कागदावर घेतलंत, खाली सही केलीत, वर शिक्का मारलात आणि हे सगळं फुटाणे खात खात केलंत. सहा एकर काळी जमीन आणि चौतीस वर्षांचा जिताजागता माणूस तुम्ही पंधरा मिनिटांत दुसऱ्याच्या हवाली केलात. त्या पंधरा मिनिटांत काय झालं ते तुम्हाला कळलं नाही. गोविंदालाही तेव्हा कळलं नव्हतं. फरक एवढाच की त्याला ते पुढच्या अर्ध्या घंट्यात कळलं.

त्या दिवशी मृगाला वीसेक दिवस राहिले होते. सकाळी गोविंदानं नागपूरच्या दवाखान्याची गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यालं, तरी जिभेचं चामडं झालेलंच होतं. वच्छला त्याच्यापुढं येऊन बसली.

"आयका," ती म्हणाली आणि थांबली.

हा तिचा रिवाज होता. आयका म्हणायचं, नवऱ्याची नजर तोंडावर येईस्तोवर थांबायचं, मग एकच गोष्ट सांगायची. ती गोष्ट त्याच्या आत जाऊन बसली की दुसरी. दुखण्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं हे साऱ्या घराला सांगून पाहिलं होतं. पेरणीत तिफणीच्या तीन नळ्यांतून ज्वारी एकदम पडते, आणि मागं दोरीनं बांधलेल्या एकट्या नळीतून, सरत्यातून, बाई तुरीचा एकेक दाणा सोडत चालते. वच्छला म्हणाली होती, "ह्यायच्याशी तिफणीनं नोका बोलू. सरत्यानं बोला." सासू प्रयागबाई हसली होती. मोठी जाऊ लीलाबाई म्हणाली होती, "घर हाये का वावर?" पण ते खरं निघालं. 'जेवा' म्हटलं की गोविंदा जेवे. 'जेवा, अन् बैलं सोडा, अन् जाताना दादाले हाक मारा' म्हटलं की ताटावर तसाच बसून राही.

त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही. शब्द सगळे येत. पण बाजाराच्या दिवशी शिरपूरच्या फाट्यावर एसटी थांबली म्हणजे माणसं जशी एकमेकांच्या अंगावर उतरतात, तसे येत. कोण पुढचं, कोण मागचं, कोण कोणाबरोबरचं, काही लागत नसे. पहिल्याला ओळखेपर्यंत बाकीचे पांगून गेलेले असत. त्यातच विहिरीवरचे दोघे बोलत. सहा वर्षांपूर्वी विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाशी, ते त्याला पहिल्यांदा ऐकू आले होते, माणूस दिसत नव्हता आणि दोन गळे त्याच्याचबद्दल बोलत होते. गोळ्यांनी ते लांब गेले होते, गेले नव्हते. डॉक्टरानं कागदावर लिहिलं होतं, स्किझोफ्रेनिया. गावाला एवढा लांब शब्द लागला नाही. गाव खुळा म्हणून मोकळं झालं.

वच्छलानं त्याच्या उजव्या खिशात एकेक दाणा टाकला. ज्वारी, मूग, सरकी, तूर, उडीद.

"साहेबानं तोंड उघडलं की?"

"एक दाणा," गोविंदा म्हणाला. "उजव्या खिशातून डाव्या खिशात. अन् एक उत्तर."

"पयलं?"

"गोविंदा पुंजाजी."

"दुसरं?"

"चौतीस."

"तिसरं?"

"सहा एकर. विहिरीसगट."

"चवथं?"

"माय, बायको, भाऊ, भावजय."

"अन् पाचवं? हे बिलकुल चुकू नोका."

"मी अन् माही बायको."

गावचा कोतवाल देवमन रिसोडकडच्या एका गावात अशाच, माणसाला आपलं शेत सांभाळता येतं का ते पाहायच्या, चौकशीला हजर होता. साहेब काय काय विचारतो ते त्यानंच येऊन सांगितलं होतं, ओळीनं: नाव, वय, शेत किती, घरात कोण, आणि शेवटी शेत कोण वाहील. पंधरा दिवस वच्छला हे घोकून घेत होती. प्रश्न ऐकायचाच नाही, समजायचाच नाही, फक्त दाणा हलवायचा. परक्या माणसाचं झरझर बोलणं नवऱ्याच्या डोक्यात ठरत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं समजण्याचं कामच काढून टाकलं. चूक तिथंच होती, पण त्या घरात ती दिसणार कोणाला?

चुलीपाशी लीलाबाई भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "पोपट झाला तुहा नवरा. आता पिंजरा तेवढा घे."

"पोपट तं पोपट," वच्छला म्हणाली. "शेत तं राहीन."

बाहेरून दौलतराव आला. मोठा भाऊ. वच्छलानं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. भासऱ्याशी, नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती. तिला काही सांगायचं असलं की ती लीलाबाईला सांगे, लीलाबाई नवऱ्याला, आणि वाटेत त्यात लीलाबाईचं मीठमिरची पडे.

"चाल गोविंदा, साहेब आला, चावडीत बसला, तू घाबरू नोको, काई बोलला नाई तरी चालते, मी हाओच," दौलतराव एका दमात म्हणाला.

गोविंदाला त्यातलं 'चाल' मिळालं. तो उठला.

दौलतराव वाईट होता असं म्हटलं की हे सगळं सोपं होतं. पण पहिल्या वर्षी ह्याच दौलतरावानं भावाला दोरीनं न बांधता, नुसता हात धरून नागपूरला नेलं होतं, आणि त्या दवाखान्याच्या फरशीवर आठ दिवस झोपून काढले होते. आता मात्र त्याचं रिसोडच्या एका व्यापाऱ्याशी ठरलं होतं. विहिरीकडचे सहा एकर त्याला द्यायचे आणि बदल्यात बाजारातलं दुकान घ्यायचं. ते सहा एकर बापानं गोविंदाच्या नावावर करून दिलेले. गोविंदा 'असमर्थ' लिहिला गेला की त्याच्या जागी सही दौलतरावाची चालणार होती. दौलतराव म्हणे, "दुकान झालं तं गोविंदाचंही पोट भरते. वावरात त्याच्या कानाशी ते दोघं बोलतात, दुकानात थोडी बोलतीन." कदाचित त्याला ते मनापासून खरंही वाटत असेल.

"बाई," वच्छला हळूच लीलाबाईला म्हणाली, "त्यायले सांगा, एवढं एक वावर सोडून द्या. तिथंच हे सुधे राहतात. पेरणीच्या तासाला लागले की कोणाचंच आयकत नाई, त्या दोघायचंही."

लीलाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी कायले सांगू? मले का दुकान नोको?"

चावडीत साहेब खुर्चीवर होता. पुढं टेबल, टेबलावर कागद, कागदावर फुटाण्याची पुडी. बाया बाहेर ओट्यावर बसल्या. दौलतराव साहेबाच्या डाव्या हाताला उभा राहिला. गोविंदाला स्टुलावर बसवलं. त्याचे हात मांडीवर थरथरत होते, गोळ्यांनी ते नेहमीच थरथरत. त्यानं उजवा हात खिशात घातला. पाचही दाणे होते. बोटांना ज्वारीची गोल पाठ लागली तसं त्याला बरं वाटलं.

साहेब तसा माणूस भला. उन्हातून आलेला माणूस पाहून त्याला माया आली.

"काय, चहा घेता का?" तो म्हणाला.

साहेबाचं तोंड उघडलं होतं. गोविंदानं ज्वारी डाव्या खिशात टाकली. "गोविंदा पुंजाजी," तो स्पष्ट म्हणाला.

साहेब हसला. देवमनला बोटानं एक चहा सांगितला आणि कागद ओढला. "ते विचारणारच आहे. हां, बोला, पूर्ण नाव?"

मूग गेला. "चौतीस."

कोणीतरी दारात फिसकन हसलं. विहिरीवरचे दोघेही हसले, ते गोविंदाला साहेबापेक्षा जवळून ऐकू आलं. त्यानं दात आवळले. दाण्याकडं पाहा, वच्छलानं सांगितलं होतं. लोकांकडं नोका पाहू.

"वय किती तुमचं?"

"सहा एकर. विहिरीसगट."

साहेबानं चष्मा काढला. दौलतरावाकडं पाहिलं. दौलतराव जमिनीकडं पाहत होता.

"असू द्या. शेत किती आहे तुमच्या नावावर?"

"माय, बायको, भाऊ, भावजय."

आता हसणं थांबलं. ओट्यावरून प्रयागबाईचा आवाज आला, "बाप्पा, काय बोलून राह्यला हा." गोविंदानं ते ऐकलं नाही. त्याचं सगळं ध्यान खिशात होतं. चार उत्तरं बिनचूक गेली होती. घरी तिसऱ्यावर हमेशा अडखळायचा, आज अडखळला नव्हता. त्याला मनातून थोडा अभिमान वाटला. आता एकच राहिलं होतं, बिलकुल न चुकायचं.

"घरात कोण कोण असतं?"

उडीद. "मी अन् माही बायको."

"पाहा साहेब," दौलतराव म्हणाला. "जिनं पोसलं ते मायही मोजत नाई हा. अशा माणसापाशी मी वावर कसं ठिवू?"

साहेबानं मान हलवली. मग चौकशीत शेवटी विचारायचाच असतो म्हणून, लिहिता लिहिता, वर न बघता, त्यानं तो प्रश्न विचारला. "तर हे शेत यापुढे तुम्ही स्वतः करणार की मोठ्या भावाकडे देखरेखीला राहू द्यायचं आणि तसं असेल तर तुमची त्याला काही हरकत आहे का?"

गोविंदाचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. त्यानं शिवण चाचपली. शिवणीत धुळीचा गोळा होता, दाणा नव्हता. उत्तर त्याच्याकडं होतं, पण ते नुकतंच पेरून झालं होतं. त्यानं साहेबाच्या तोंडाकडं पाहिलं. शब्द येऊन पडले होते, शेत, स्वतः, भाऊ, देखरेख, हरकत, आणि प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा होता, तरी त्यांचं एकमेकांशी काय नातं ते लागेना. टाक कागदावर करकरत होता. दोघे म्हणत होते, गेलं, गेलं.

तो बोलला नाही.

साहेबानं लिहिलं: उत्तरे असंबद्ध. विचारशक्ती नाही. शेत भावाचे देखरेखीखाली देण्यास हरकत दिसत नाही.

मग सही. मग शिक्का.

चावडीसमोर चिंच होती. गोविंदा तिच्या बुडाशी जाऊन बसला. प्रयागबाई त्याच्यासमोर बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"काहून रे असं केलं? आपल्या मायले इसरला? साऱ्या गावात म्हणे मी अन् माही बायको. म्या तुले घास भरवले, नागपूरले जाताना तुह्यासाठी..."

"माय," गोविंदा म्हणाला, "एक-एक सांग."

प्रयागबाई थांबली. सहा वर्षांत पोरानं तिला हे कधी म्हटलं नव्हतं. तिनं नाक पुसलं. "मायले इसरला का?"

"नाई," तो म्हणाला. "तुले चवथ्यात सांगतलं."

वच्छला त्याच्याशेजारी उकिडवी बसली होती. "माहंच चुकलं," ती म्हणत होती, "म्या काहीतरी उलटं शिकवलं. शिकवलंच कायले? नुसते बसले असते तरी असे हसले नसते लोकं."

लीलाबाई जरा दूर उभी होती, हाताची घडी घालून. तिनं टोमणा मारला नाही हे वच्छलाच्या ध्यानातही आलं नाही.

गोविंदानं डावा खिसा तळहातावर उलटा केला. पाच दाणे. त्यानं मातीत बोटानं पेरणीच्या रेघेसारखं एक तास ओढलं आणि त्यात ते मांडले. ज्वारी, मूग, सरकी, तूर, उडीद. ओळ बरोबर होती. मग लोक हसले कायले? तो पुन्हा पहिल्यापासून पाहू लागला. त्याचं डोकं जुन्या मोटेसारखं होतं, वर येईपर्यंत अर्धं पाणी सांडून जाई. पण पुन्हा सोडली की पुन्हा थोडं वर येई, आणि घाई करणारं जवळ कोणी नसलं की तो ती पुन्हा पुन्हा सोडू शके. ज्वारी, नाव. मूग, वय. इथवर येई आणि सांडे. ज्वारी, नाव.

तेवढ्यात देवमन कोतवाल बशी झाकून कप घेऊन आला.

"घे गोविंदा. निवून गेला जरासा."

"काय हाये?"

"चहा. साहेबानं सांगतला होता ना."

"कवा?"

"आल्या आल्या. चहा घेता का म्हून इचारलं नाई त्यानं? तवाच हाटेलात गेलो मी. दूधच नव्हतं बाप्पा त्याच्यापाशी."

गोविंदानं कप घेतला. कपाकडं पाहिलं. मातीतल्या तासाकडं पाहिलं. कप त्यानं तासाच्या तोंडाशी, ज्वारीच्याही अलीकडं ठेवला.

कप. ज्वारी. मूग. सरकी. तूर. उडीद.

सहा.

वच्छला काही विचारायला गेली तर त्यानं हातानं थांबवलं. मग त्यानं प्रत्येक दाणा उचलून एकेक घर मागं सरकवला, ज्वारी कपासमोर ठेवली, मूग ज्वारीच्या जागी. चहाच्या प्रश्नाला नाव. नावाच्या प्रश्नाला वय. वयाला सहा एकर. तासाच्या शेवटी उडदाची जागा मोकळी राहिली. पेरणीत असंच होतं. आरंभाला एक चूक झाली की सारं तास एक हात सरकतं, दाणा चांगला असतो, जमीन चांगली असते, पण दिसताना वाकडं दिसतं.

"वच्छले," तो म्हणाला. "मी चुकलो नाई."

"हो," ती म्हणाली, समजूत काढतात तशी.

"आयक," तो म्हणाला आणि थांबला. तिची नजर त्याच्या तोंडावर येईपर्यंत थांबला. "चहा यादीत नव्हता."

वच्छलाला समजायला तेवढाच वेळ लागला जेवढा त्याला घरच्यांचं बोलणं समजायला लागत असे. मग ती मातीतल्या कपाकडं पाहतच राहिली.

दुरून लीलाबाई म्हणाली, "मले तवाच समजलं होतं."

दोघांनी वर पाहिलं.

"पंधरा दिवस चुलीपाशी आयकून राह्यली. पाठ झालं मले. दुसऱ्या परश्नालेच समजलं का एक खाली सरकलं म्हून." तिनं चावडीत उभ्या नवऱ्याकडं मान वळवली. "ह्यायलेही समजलं. पेरताना मागं न पाहता ह्यायले नळी चोंदेल समजते, हे नाई समजणार? म्या तोंडाकडं पाह्यलं होतं त्यायच्या."

"मंग बोलल्या काहून नाई बाई?"

"दुकान पाह्यजे होतं मले," लीलाबाई म्हणाली. "अजूनही पाह्यजे. पण असं नोको."

गोविंदा उठला. कप उचलला. चहा बशीत सांडत होता, तरी त्यानं कप खाली ठेवला नाही. तो चावडीच्या पायऱ्या चढला. मागं वच्छला, तिच्यामागं लीलाबाई. प्रयागबाई गुडघ्यावर हात ठेवून सगळ्यांच्या शेवटी.

साहेब निघायच्या तयारीत होता. दौलतराव त्याची पिशवी धरून उभा होता. गोविंदानं कप टेबलावर, त्या कागदाशेजारी ठेवला.

"हा पयला परश्न," तो म्हणाला. "मले चहा नोको होता."

"काय म्हणतो हा?" साहेबानं दौलतरावाला विचारलं.

"काई नाई साहेब, ते त्याचं चालूच राहते..."

"भाऊजी," मागून आवाज आला. साऱ्या चावडीनं वळून पाहिलं, कारण तो आवाज वच्छलाचा होता आणि मधे लीलाबाई नव्हती. पदर कपाळापर्यंत होता पण तोंड दौलतरावाकडं होतं. "त्यायचं बोलणं तुमाले समजलं होतं. चहापासून मोजा. अन् साहेबाले सांगा, एकही उत्तर खोटं होतं का."

दौलतरावानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बायकोकडं पाहिलं. लीलाबाई त्याच्याकडं सरळ पाहत होती, नवऱ्याकडं लग्नातही पाहिलं नसेल इतकं सरळ. त्याचे ओठ हलले. पण तो बोलला नाही. आणि त्याचं न बोलणं, साहेब, तुम्ही कुठंच लिहिलं नाहीत.

"हे बघा बाई, मी प्रश्न विचारले, यांनी दिली ती उत्तरं मी घेतली," साहेब म्हणाला. "आता नोंद झालेली आहे, शिक्का पडलेला आहे, पुढं तुम्हाला जे काही करायचं ते रीतसर अर्ज करून, दाखला जोडून, मुदतीच्या आत..."

"साहेब," गोविंदा म्हणाला. "एक-एक बोला."

साहेब थांबला. का थांबला कोण जाणे. बहुधा त्याला कोणी असं सांगितलं नव्हतं.

विहिरीवरचे दोघे बोलत होतेच. गोविंदानं त्यांना बोलू दिलं. खिशात दाणा नव्हता, पाचही दाणे बाहेर मातीत राहिले होते. त्यानं टेबलाची कड धरली आणि जे बोलायचं ते आत आधी ओळीनं लावून घेतलं. वेळ लागला. लोकांनी खाकरून पाहिलं, देवमननं पाय बदलला. एवढ्या वेळात चारदा गप्प समजून लिहून झालं असतं.

"तुमचा सहावा परश्न," तो म्हणाला. "शेत कोण वाहीन. त्याचं उत्तर, मी अन् माही बायको. हे झालं एक."

त्यानं श्वास घेतला.

"आता माहा परश्न हाये. एकच हाये. समजलं नाई तं पुन्हा इचारतो." त्याचं बोट कागदावर, शेवटच्या ओळीवर टेकलं. सांडलेल्या चहानं ते ओलं होतं. बोटाला निळं लागलं. "हे जे लिहेल हाये, हे तुमाले खोडता येते का नाई? हो का नाई, एवढंच सांगा, साहेब. मी उभा हाओ."